मुलींच्या संध्याकाळच्या वर्गासाठी माणसं कशी जोडायची? रे नगरच्या मैत्रिणींना सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चौघी सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरात, कामगारांच्या नव्या वसाहतीत, राहायला आलात आणि पाचवी ते दहावीच्या मुलींसाठी शाळा सुटल्यावर रोज दोन तासांचा वर्ग सुरू करायचं तुमच्या मनात आहे. एक खोली मिळतेय आणि एक कंपनी पहिल्या वर्षाचे पैसे द्यायला तयार आहे. अडलंय ते माणसांपाशी. शिकवायला कुणाला घ्यायचं, किती जणी लागतील, पगार द्यायचा की सेवा म्हणून या म्हणायचं, आणि कॉलेजच्या स्वयंसेवकांना घ्यायचं का?

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांतल्या मुलींसाठी मी असे वर्ग बरीच वर्षं चालवतेय. इतर गावांतल्या गटांनाही वर्ग सुरू करताना सोबत करते. खोली, फळा, वह्या, टॅब यांचं नंतर बघता येईल. आधी त्याच वस्तीत राहणारी एक बाई शोधा, जिला मुलींच्या आया नावानं ओळखतात आणि जी पाच वर्षांनीही तिथंच राहत असेल. मुली येतात त्या तिच्याकडे. तिच्या घरी बाळंतपण निघालं किंवा तिचा पगार दोन महिने थकला, की छान रंगवलेली खोलीसुद्धा रिकामी पडते, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. तुम्ही चौघी, कंपनी, शाळेतले शिक्षक, कॉलेजची मुलं, यांनी आपलं काम ठरवताना आधी हा विचार करायचा, की यानं ती बाई टिकेल का.

तिला कुणी ताई म्हणेल, तेलुगू घरातल्या मुली अक्का म्हणतील, मुसलमान घरातल्या बाजी म्हणतील. मी इथं ताई म्हणते.

ताई पदवीधर, शक्यतो बी.एड. असावी अशी अट कंपन्या हमखास घालतात. ही अट मान्य करू नका. पैठण तालुक्यातल्या पाचोडचं उदाहरण कंपनीपुढे ठेवा. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं १९९०च्या दशकाच्या अखेरीस किशोरवयीन, लग्न न झालेल्या मुलींसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले. सोमवार ते शुक्रवार रोज एक तास, वर्षभर, साधारण २२५ तासिका. शिकवणाऱ्या बायका त्याच गावांतल्या होत्या आणि किमान सातवी शिकलेली एवढीच शिक्षणाची अट होती. त्यांना प्रशिक्षण मिळालं, पाठबळ मिळालं, आणि अभ्यासक्रम ठरवताना मुलींच्या आईवडिलांनाही विचारलं गेलं. काही वर्षांनी मोजणी झाली तेव्हा त्या भागातल्या मुलींच्या लग्नाचं मध्यक वय, म्हणजे निम्म्या मुलींची लग्नं ज्या वयापर्यंत होतात ते, १६ वरून १७ वर गेलेलं दिसलं. एक वर्ष ऐकायला थोडं वाटतं. पण त्या एका वर्षात मुलगी दहावी पार करू शकते आणि तिच्या शरीरालाही बाळंतपणासाठी थोडी उसंत मिळते. ज्यांच्या हातून हे झालं त्यांच्यातल्या कित्येकींकडे दाखवण्यासारखी पदवी नव्हती.

शिकवण्याचं कौशल्य शिकवता येतं. दहावीचं बीजगणित ताईला जमत नसेल तर त्यासाठी आठवड्यातून दोनदा दुसऱ्या कुणाला बोलवता येईल. पण 'अगं, तुझी पोरगी दोन दिवस आली नाही, बरं आहे ना?' असं म्हणत कुणाच्याही उंबऱ्यावर उभं राहण्याचा हक्क तिथं राहूनच मिळवावा लागतो.

तुमच्याकडे शोध अवघड जाणार, तो याच कारणानं. पूर्व भागात एकेका बोळात तीन-तीन पिढ्या एकमेकांना ओळखतात. रे नगरातल्या पहिल्या १५ हजार घरांचं वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, रिक्षावाले अशी शहराच्या वेगवेगळ्या भागांतली माणसं एकाच जिन्यावर आली. शेजारणीचं माहेर कुठलं हेही अजून माहीत नसेल, तर मुलगी संध्याकाळी कुणाच्या भरवशावर सोडणार?

मला एक वाट दिसते. शेजारीच गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत आहे, दहा हजार घरांची. तिथली घरं २००६ साली मिळाली. तेव्हा आईचं बोट धरून तिथं आलेल्या मुली आज पंचविशी-तिशीत आहेत. शहर लांब पडलं, जुनी शाळा सुटली, ओळखीचा बोळ गेला, हे सगळं त्यांनी लहानपणी सोसलं आहे. आज तुमच्या मुलींच्या वाट्याला जे आलंय त्याची त्यांच्याइतकी जाण कुणाला असणार? त्यातल्या काही लग्न होऊन रे नगरात आल्या असतील, काहींच्या बहिणी-नणंदा आल्या असतील. तिथून सुरुवात करा.

जाहिरातीचा कागद जिन्यात चिकटवू नका. त्यानं अर्ज येतील, पण आयांचा भरवसा कुणावर आहे हे कळणार नाही. घरोघर जा आणि आयांना एकच विचारा: तुमची पोर संध्याकाळी दोन तास सोडायची झाली, तर कुणाकडे सोडाल? आठ-पंधरा दिवस असं फिरलात की दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा यायला लागतात. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि बचत गटाच्या अध्यक्षा यांनाही विचारा. त्यांना घराघरातलं माहीत असतं. मात्र अंगणवाडी सेविकेलाच ताई नेमू नका, तिच्या डोक्यावर आधीच सतरा रजिस्टरं आहेत.

बारावी झालेली, हुशार, उत्साही, लग्न न झालेली मुलगी सगळ्यांना आधी आवडते. तिला घ्या, पण तिच्या एकटीवर वर्ग उभा करू नका. वर्ष-दोन वर्षांत तिचं लग्न होतं आणि ती दुसऱ्या गावी जाते. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त टिकतात त्या तिशी-पस्तिशीतल्या बायका, ज्यांची मुलं शाळेत जायला लागली आहेत. तितक्याच टिकतात नवऱ्यामागे संसार ओढणाऱ्या आणि माहेरी परत आलेल्या. शेवटच्या दोघींविषयी वस्तीत कुजबुज होते. तुम्ही ठाम राहिलात तर सहा महिन्यांत ती थांबते, कारण तोवर मुलींच्या वह्यांवर तिची सही दिसू लागलेली असते.

'किती जणी' याचं उत्तर दोन. पंचवीस-तीस मुलींमागे एक पोक्त ताई आणि एक तरुण ताई. एक आजारी पडली तर दुसरी कुलूप उघडते. मुलींसोबत एकच मोठं माणूस बंद खोलीत कधीही नसावं, हा नियमही दोघी असल्यानं आपोआप पाळला जातो. दोघींच्या मिळून भाषाही बघा. सोलापुरात शाळा मराठी आणि घर तेलुगू, कन्नड किंवा दखनी असणं नेहमीचं आहे. सहावीतल्या मुलीला गणित येत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा तिला गणितातलं मराठी वाक्य कळलेलं नसतं. 'प्रत्येकी', 'शिल्लक', 'दराने' हे शब्द तेलुगूत समजावून सांगणारी अक्का असली की तीच मुलगी उदाहरण सोडवते.

नाव ठरलं म्हणजे ताई मिळाली असं नाही. तिच्या घरी जा. वर्गाची वेळ पाच ते सात आणि चुलीची वेळही तीच. पाळीवरून नवरा घरी येतो तीही तीच वेळ. सासूबाईंशी बोला, नवऱ्याशी बोला, आणि काम काय, पैसे किती, बैठका कधी, परगावी प्रशिक्षणाला जावं लागेल का, हे सगळं स्पष्ट सांगा. वर्गाची वेळ तिला विचारून ठरवा. पाचऐवजी साडेचार चालत असेल तर साडेचार. सुनेनं कमवावं यावर सासूचा बहुतेकदा आक्षेप नसतो, पण भाकऱ्या कोण टाकणार हा प्रश्न खरा असतो आणि त्याचं उत्तर त्या घरानंच काढायचं असतं. आपण आधी जाऊन बोललो तर ते काढतात. नंतर भांडण झाल्यावर गेलो तर नाही काढत.

आता पगार. द्यायचाच. आणि 'तेवढाच हातभार' म्हणून नाही. तुमच्या भागात विड्या वळून किंवा गणवेशाची शिलाई करून बाई त्या वेळात जेवढं मिळवते, त्यापेक्षा इथं जास्त मिळालं पाहिजे. नाहीतर घरात पहिली तंगी आली की ती वर्ग सोडून विड्यांचं सूप मांडीवर घेईल, आणि तिनं तसं करणं बरोबरच असेल. हिशोब करताना वर्गाचे दोनच तास धरू नका. घरभेटी, हजेरीपट, दुसऱ्या दिवसाची तयारी, शाळेत चक्कर, आठवड्याची बैठक हे धरलं की रोजचे चार तास होतात. पैसे चार तासांचे द्या, बाराही महिने द्या, उन्हाळ्याच्या सुट्टीतही द्या. तारीख ठरलेली हवी आणि खातं तिच्या स्वतःच्या नावावरचं हवं. बाळंतपणाची आणि आजारपणाची भरपगारी रजा पहिल्या दिवशीच कागदावर लिहा.

सेवाभावानं काम करणाऱ्या बायका मिळत नाहीत असं मी म्हणत नाही. भरपूर मिळतात. पण ज्यांचं घर आधीच चाललेलं असतं त्यांनाच फुकट काम परवडतं, आणि त्या सहसा त्या जिन्यात राहत नसतात.

कंपनीचे पैसे आर्थिक वर्षावर चालतात. मार्चमध्ये एक वर्ष संपतं, पुढच्याची मंजुरी यायला जून-जुलै उजाडतो, आणि नेमकं त्याच वेळी शाळा सुरू होतात. म्हणून तीन महिन्यांचे पगार हाताशी असल्याशिवाय कुलूप उघडू नका. देणगीदारांना दप्तरं, टॅब, भिंतीवरची चित्रं आवडतात, कारण त्यांचे फोटो निघतात. पगाराचा आकडा बघून ते 'प्रशासकीय खर्च' म्हणून नाक मुरडतात. त्यांना स्पष्ट सांगा की इथं ताईचा पगार हाच कार्यक्रमाचा मुख्य खर्च आहे. मी आराखडा करते तेव्हा शंभरातले सत्तर रुपये वस्तीतल्या बायकांच्या हातात जातील असं बघते. तुमची संस्था अजून नोंदलेली नसेल तर पहिलं वर्ष एखाद्या जुन्या, विश्वासाच्या नोंदणीकृत संस्थेच्या छताखाली काढा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची प्रमाणपत्रं, हिशोबतपासणी यात वर्ष जातं. त्या वर्षात मुलींना थांबवायचं कारण नाही.

ताईखालोखाल ज्यांच्या जिवावर वर्ग चालतो त्या माणसांची नावं कुठल्याच अहवालात येत नाहीत. त्या मुलींच्या आया. विडीच्या घरात शाळेतून आलेली मुलगी पानं कापते, दोरा बांधते, विडीची तोंडं मिटते. दिवसाला हजार विड्या भरायच्या तर घरातल्या लहान हातांचा हिशोब त्यात धरलेला असतो. मुलगी दोन तास वर्गात बसली म्हणजे आई रात्री दोन तास जास्त बसते. तिनं आपले दोन तास तुमच्या कार्यक्रमाला दिलेत, कंपनीच्या चेकपेक्षा ते जड आहेत. 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवून द्या' अशी भाषा ऐकली की मला राग येतो. महत्त्व त्यांना चांगलं पटलेलं आहे. त्यांच्याकडे नसतात ते हे दोन तास.

तेव्हा त्यांच्याशी बोलताना उपदेश नको, वाटाघाट हवी. उद्याची पानं आज भिजवून ठेवता येतील का, शनिवारी मुलगी पूर्णवेळ घरी असेल तर बाकीचे पाच दिवस सुटतील का, धाकट्या भावाला सोबत आणलं तर चालेल का. शेवटच्याला आमच्याकडे कायम हो असतं. कोपऱ्यात एक सतरंजी आणि चार खडू ठेवले की काम भागतं. वर्गात पानं-तंबाखू घेऊन बसायला मात्र मी परवानगी देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. ती धूळ लहान पोरांच्या नाकात जाते, आणि ते दोन तास तरी मुलीच्या हातात फक्त पेन्सिल असावी असं मला मनापासून वाटतं.

आयांचा विश्वास भाषणापेक्षा त्यांच्या अडलेल्या कामातून लवकर मिळतो. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो आणि त्याला आईचं विडी कामगार ओळखपत्र, बँक खातं, आधार जोडणी हे सगळं जुळलेलं लागतं. कुठंतरी नावाचं एक अक्षर चुकलेलं असतं आणि अर्ज परत येतो. तुमच्यापैकी एकीनं हे काम शिकून घ्या आणि दरवर्षी अर्जाच्या मुदतीत आठवड्यातले दोन दिवस त्यासाठी बसा. ज्या घराची शिष्यवृत्ती तुमच्यामुळे जमा झाली ते घर मुलीला वर्गातून काढताना दहादा विचार करतं.

पूर्व भागात काही दिवसांआड नळाला पाणी येतं. त्या दिवशी आमची हजेरी निम्म्यावर येते, आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तर खोली जवळपास रिकामीच. ताईला हे माहीत असतं, म्हणून ती त्या दिवशी नवा धडा घेत नाही. कंपनीचा माणूस नेमका त्याच दिवशी पाहणीला आला तर त्याला आकड्यांत घसरण दिसते. पाहणीचा दिवस ताईनं ठरवायचा, असं आधीच बोलून घ्या.

खोलीबद्दल थोडक्यात. मुंबईत प्रथम संस्थेनं १९९०च्या दशकात वस्त्यांमध्ये बालवाड्या उभ्या केल्या त्या लोकांच्या घरांत, देवळांत, मिळेल त्या जागेत. त्यामुळे जागा छोटी म्हणून अडू नका. पण तीन गोष्टी बघा: मुलींना वापरता येईल असं जवळचं, कडी लागणारं संडास, दारासमोर कायम कुणाचा तरी वावर, आणि जागा कुणाच्या एका शब्दावर काढून घेतली जाऊ शकते हे माहीत असणं. राजकीय कार्यालयाची किंवा एखाद्या पंथाच्या मंडळाची खोली फुकट मिळत असेल तरी निवडणुकीच्या महिन्यात तिथं काय होईल ते विचारून घ्या. मला सगळ्यात आवडते ती एखाद्या आजीच्या घरासमोरची खोली. दारात तांदूळ निवडत बसलेली आजी आल्या-गेल्याकडे बघते, नवखा मुलगा दोनदा फिरकला तर तिसऱ्यांदा त्याला नाव विचारते. अशा आजीला वर्गाच्या उद्घाटनाला नारळ फोडायला बोलवा, म्हणजे खोली तिचीही होते.

डिसेंबरात सहाच्या आत सूर्य बुडतो. सात वाजता मुली घरी कशा जाणार, याचं उत्तर आयांनी विचारण्याआधी तुमच्याकडे असलं पाहिजे. इमारतीप्रमाणे गट करा, प्रत्येक गटाबरोबर त्या इमारतीतली एक आई. रोज एकच बाई नको, पाळी लावा. सगळ्यात लांबच्या इमारतीसाठी शेवटची मुलगी दारात पोचेपर्यंत चालणारी एक ठरावीक मावशी नेमा आणि तिला महिन्याचे पैसे द्या. मुलींची गळती फार वेळा अभ्यासाच्या कंटाळ्यानं न होता या वाटेमुळे होते. कुणी काहीतरी बोलतं, मुलगी घरी सांगते, आणि दुसऱ्या दिवसापासून ती येत नाही. कधी तर ती घरी सांगतही नाही, कारण सांगितलं तर शाळाही बंद होईल हे तिला कळतं. मावशीला मात्र ती सांगते.

मंडळाच्या पोरांना टाळू नका. त्यातले निम्मे आपल्याच मुलींचे भाऊ आहेत. वर्ग सुरू होण्याआधी त्यांच्याकडे जा, काय चाललंय ते सांगा आणि काम द्या, पण वर्गाच्या बाहेरचं. रविवारी सकाळी मैदानाचा अर्धा भाग मुलींच्या कबड्डीसाठी मोकळा ठेवणं हे त्यांचं काम. मुंब्र्यात परचम या गटानं मुलींचं फुटबॉल उभं केलं तेव्हा मैदानात मुलींना हक्काची वेळ आणि जागा हवी ही मागणी मुलींनीच लावून धरली होती. तुमच्याकडेही मागणी मुलींनीच करावी, पोरांनी ती ऐकावी आणि तुम्ही बाजूला उभं राहावं.

कॉलेजच्या स्वयंसेवकांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतून मुलंमुली येतात, मनानं चांगली असतात, आणि परीक्षा आल्या की दिसेनाशी होतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण ज्या मुलीनं पंधरा दिवसांत त्यातल्या एका दीदीला मनातलं सगळं सांगितलेलं असतं, तिला पुढचे महिनाभर दाराकडे बघत बसावं लागतं. म्हणून त्यांना रोजचा वर्ग देऊ नका. एक निश्चित काम द्या, जसं शनिवारचे विज्ञानाचे प्रयोग किंवा दहावीचं इंग्रजी, आणि पूर्ण सत्रासाठी येणाऱ्यांनाच घ्या. ते खोलीत असताना ताई हजर हवी, मुलींशी फोन नंबरांची देवाणघेवाण नको, मुलींचे फोटो कुणाच्याही मोबाइलमध्ये नकोत. हे नियम विद्यार्थिनींनाही लागू आणि तुमच्या भाच्या-पुतण्यांनाही. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मुलींच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाकडून घ्या, पगारी असो वा बिनपगारी.

या पुढच्या भागावर मात्र चौघींनी एकत्र बसून नीट विचार करा, कारण वर्ष-दीड वर्षात तो प्रसंग येतोच. एखादी मुलगी ताईला असं काहीतरी सांगते की ताईला रात्रभर झोप येत नाही. लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२चा कायदा म्हणजे पॉक्सो. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखासाठी त्याची शिक्षा जास्त आहे. 'घरातलं घरात मिटवू' असं वस्तीतली मोठी माणसं सांगतील. ताई त्याच जिन्यात राहते, तिला उद्या त्याच नळावर उभं राहायचं आहे. म्हणून तिचं काम एवढंच: मुलीचं ऐकून घेणं, तिला खोदून न विचारणं, 'तू मला सांगितलंस ते बरं केलंस' म्हणणं आणि त्याच दिवशी तुमच्यापैकी ठरलेल्या एकीला कळवणं. पुढचं पोलीस ठाणं, बालकल्याण समिती, वैद्यकीय तपासणी, समुपदेशन हे सगळं त्या एकीनं करायचं, आणि वस्तीत ताईचं नाव कुठंही येऊ द्यायचं नाही.

बालविवाहाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाच बायकांत एकीहून जास्त. तुमच्या वर्गातही ही वेळ येईल. बहुतेकदा नववीच्या दिवाळीत कुणकुण लागते: मुलगी गप्प होते, नाहीतर मामाच्या गावाला दोनदा जाऊन येते. तेव्हाच घरी जायचं. लग्न उद्यावर आलं की १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करणं आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यांना गाठणं एवढंच हाती उरतं. तेही करावंच लागतं, पण तो फोन ताईनं करायचा नाही, तुम्ही करायचा. आधी गेलात तर बोलायला जागा असते. मी आईवडिलांना पुढच्या खर्चाचा हिशोब सांगते. सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत फी नाही. २०२४-२५ पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार भरतं. बऱ्याच घरांना हे ऐकून खूप आश्चर्य वाटतं. पुढचं सगळं शिक्षण विकतच घ्यावं लागणार या समजुतीनंच अनेकांनी स्थळ बघायला सुरुवात केलेली असते.

शाळांचं फार लांबवत नाही. तुमच्या मुली चार-पाच वेगवेगळ्या शाळांत जातात, काही अजून शहरातल्या जुन्याच शाळेत. प्रत्येक शाळेतला एक शिक्षक ओळखीचा करा. सहसा एखादी बाई असतातच, ज्या मुलगी का येत नाही याची मनापासून चौकशी करतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया. आपल्या वर्गातल्या एखाद्या आईनं तिथं जावं यासाठी तिला तयार करा. शिक्षकांसमोर शाळेच्या उणिवा काढू नका, हजेरीपट जुळवून बघायची परवानगी मागा. शाळेत गैरहजर आणि वर्गात हजर, किंवा उलट, असं दिसलं की काहीतरी बिनसलंय हे लगेच कळतं.

आता तुम्ही चौघी. चारही जणी सगळंच करायला गेलात तर ताईला चार मालकिणी होतील. एकीनं ताईची सोबतीण व्हावं. आठवड्यातून एकदा वर्गात मागे बसायचं, वर्ग संपल्यावर चहा घेत बोलायचं, मुलींसमोर ताईची चूक काढायची नाही. दुसरीनं पैसे आणि कागद बघावेत. तिसरीनं शाळा, शिष्यवृत्त्या, सरकारी कचेऱ्या आणि वर सांगितलेले अवघड फोन. चौथीनं बदली ताई व्हावं, आणि हे काम दुय्यम समजू नये. ताईला रजा घेता येते ती चौथी आहे म्हणून. नाहीतर ती ताप अंगावर काढून येते आणि तिसऱ्या वर्षी काम सोडते.

ताईच्या स्वतःच्या शिक्षणासाठी दरवर्षी थोडे पैसे बाजूला काढा. दहावी-बारावीपाशी थांबलेल्या कितीतरी ताया नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाल्या आहेत. ताई परीक्षेला बसली की मुली तिच्याकडून वेळापत्रक मागून घेतात आणि तिच्या निकालाची वाट बघतात. पुढं तिला जास्त पगाराची नोकरी लागून ती गेली तर मनापासून निरोप द्या. तोवर तुमची तरुण ताई तयार झालेली असेल, आणि वर्गातून दहावी झालेली एखादी मुलगी तिच्या हाताखाली. पहिल्या वर्षापासूनच नववी-दहावीच्या दोन मुलींना धाकट्यांना वाचून दाखवायची जबाबदारी द्या, म्हणजे ही साखळी सुरू होते.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात. तोपर्यंत घरभेटी आणि ताईची निवड एवढंच करा. मे महिन्यात दोघी तायांना पंधरा दिवस एखाद्या चालू वर्गात नुसतं बसू द्या, आमच्याकडे पाठवलंत तरी चालेल. जूनच्या शेवटच्या आठवड्यात वीस मुलींवर सुरू करा, जास्त आल्या तरी दिवाळीपर्यंत यादी वाढवू नका. आणि कंपनीशी पुढची बैठक कधी आहे ते कळवा. पगाराच्या रकान्यावर त्यांनी आक्षेप घेतला तर समजावून सांगायला मी सोबत येते.